प्लॅस्टिकची खेळणी पिवळी का पडतात?

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जुनी प्लॅस्टिकची खेळणी’ हा विषय मी कळविला तेव्हा काहींना नवल वाटले असेल. शिक्षण, आरोग्य, नोकरी असे विषय सोडून हा काय विषय, असेही कोणी म्हटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु जुनी खेळणी जमविण्याचा मला छंद आहे, आणि त्या छंदापायी मला बरेच वाचावे लागले. वाचता वाचता लक्षात आले की, हा प्रश्न माझ्या कपाटापुरता नाही. बालवाडीसाठी आपण घरोघरची जुनी खेळणी गोळा करतो. मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. या दोन्ही गोष्टींशी त्याचा संबंध आहे. म्हणून हा विषय घेतला.

आपल्या सर्वांची एक समजूत आहे, की प्लॅस्टिक कुजत नाही, म्हणजे त्याला काहीच होत नाही. मातीची बाहुली फुटते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याचा रंग जातो, त्याला वाळवीही लागते. प्लॅस्टिक मात्र आहे तसे राहते, असे आपण धरून चालतो. कचऱ्यात टाकलेले प्लॅस्टिक शेकडो वर्षे नाहीसे होत नाही हे खरे. पण नाहीसे न होणे आणि न बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्लॅस्टिक म्हातारे होते. ते पिवळे पडते, चिकट होते, आक्रसते, ठिसूळ होते. यातील प्रत्येक खुणेचा काही अर्थ असतो. तो अर्थ ओळखता आला तर काय ठेवावे, कसे ठेवावे आणि दुसऱ्याला काय देऊ नये हे ठरविता येते. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम खेळण्यांविषयी थोडेसे. अमेरिकेत १९६४ साली हॅसब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत, म्हणून कंपनीने तिला बाहुली न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ असे नाव दिले. पुढे १९८२ साली याच सैनिकाची पावणेचार इंचांची लहान आवृत्ती निघाली. आपल्याकडे दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ची मालिका लागत असे. त्या काळात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीचा ‘लिओ’ हा खेळण्यांचा छाप घरोघरी माहीत होता, आणि अमेरिकेच्या मॅटेल कंपनीची खेळणी त्यांच्यामार्फत येथे तयार होऊन विकली जात. १९८७ साली एम.आर.एफ. आणि हॅसब्रो यांच्या सहकार्याने ‘फनस्कूल’ ही कंपनी निघाली. तिचा कारखाना शेजारच्या गोव्यात उभा राहिला. १९९० च्या दशकात भारतातील मुलांच्या हाती जे जी. आय. जो आले, ते या फनस्कूलचे. त्यांचे काही रंग अमेरिकेतल्या सैनिकांपेक्षा वेगळे होते. त्यामुळे आज परदेशातील संग्राहकही भारतीय बनावटीचे हे सैनिक मुद्दाम शोधतात.

मात्र संग्राहकाने ते शोधून हातात घेतले, की त्याला पहिल्यांदा दिसते ते त्यांचे वय. पांढऱ्या पोशाखाचा सैनिक हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. एक हात पांढरा तर दुसरा पिवळा. कमरेतून सैनिकाचे दोन तुकडे झालेले. अंगठा तुटलेला. हा अनुभव आपल्याकडचाच आहे असे नाही. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पांढऱ्या चिलखताच्या सैनिकांची खेळणी १९७८ पासून विकली जाऊ लागली. त्यांच्या पिवळेपणाची तक्रार जगभरचे संग्राहक करतात.

आता हे का होते ते पाहू. प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नाही. धान्य म्हटले की ज्वारी, नाचणी, तांदूळ सगळे आले, तसे ते आहे. प्रत्येकाचा गुण वेगळा आणि प्रत्येकाचे म्हातारपणही वेगळे.

कडक, गुळगुळीत, पडले तरी सहसा न फुटणारी खेळणी बहुधा ए.बी.एस. या प्लॅस्टिकची असतात. लेगोच्या विटा १९६३ पासून याचीच होतात. यात तीन घटक असतात : ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन. यातील ब्युटाडाइन रबरासारखे असते, आणि त्याच्यामुळेच हे प्लॅस्टिक धक्का सहन करते. पण त्याची हीच बाजू कच्ची आहे. त्याच्या रेणूंच्या साखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. उजेडातील अतिनील किरणांनी आणि उष्णतेने ही ठिकाणे चाळवली जातात आणि हवेतील प्राणवायू तेथे शिरतो. त्यातून जे नवे रेणू तयार होतात ते प्रकाशातला निळा भाग शोषून घेतात. निळा वजा झाला की डोळ्याला पिवळे दिसते. म्हणजे पिवळेपणा हा वर बसलेला मळ नव्हे. तो साबणाने जाणार नाही. प्लॅस्टिकचा वरचा थर स्वतःच बदललेला असतो. त्या थरातले रबर गेले, म्हणून तो ठिसूळही झालेला असतो. अंगठा तुटतो त्याचे एक कारण हेही आहे.

विद्यार्थी येथे विचारतील, की डब्यात बंद ठेवलेले खेळणेही पिवळे पडते, ते कसे? उजेडाने ही क्रिया जोरात होते, पण उजेडावाचून ती थांबत नाही. हवा आणि उष्णता एवढ्यावरही ती चालते. एकाच सैनिकाचा एक हात पिवळा व दुसरा पांढरा का, याचेही उत्तर सोपे आहे. भाग वेगवेगळ्या घाणीतून निघतात, आणि प्रत्येक घाणीत मिसळलेले रंग व टिकाऊपणाची द्रव्ये सारखीच असतील असे नाही. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. लाल सदरा फिका पडला तर रंग उडाला. पांढरे पिवळे झाले तर मूळ प्लॅस्टिक बदलले. दोन्हीचे कारण ऊन असले तरी आजार वेगवेगळे आहेत.

दुसरा प्रकार म्हणजे पी.व्ही.सी. मऊ बाहुल्या, दाबले की आवाज करणारी बदके, गाड्यांची मऊ चाके बहुधा याची असतात. पी.व्ही.सी. मुळात कडक असते. आपल्या नळाचे पाइप त्याचेच. ते मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात. फार काळ थॅलेट जातीची द्रव्ये यासाठी वापरली गेली. हे द्रव्य प्लॅस्टिकशी घट्ट बांधलेले नसते. वर्षे जातील तसे ते हळूहळू बाहेर येते. मग बाहुलीचे हातपाय चिकट लागतात, त्यावर धूळ बसून ती काळी पडते. धुऊन ठेवली तरी काही महिन्यांत पुन्हा चिकटते. द्रव्य पुष्कळ निघून गेले की बाहुली आक्रसते व कडक होते. शिवाय पी.व्ही.सी.मध्ये क्लोरीन असते. उष्णतेने व उजेडाने त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू लागते आणि प्लॅस्टिक आधी पिवळे, मग तपकिरी होते. या बाहुलीला धातू लागून असेल तर आणखी एक गंमत होते. बार्बी ही बाहुली १९५९ साली आली. सुरुवातीच्या काही बाहुल्यांच्या कानांत धातूच्या कुड्या होत्या. कालांतराने त्या कानांभोवती हिरवे डाग पडले. तांब्या-पितळेच्या भांड्याला कळंक चढतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे तो प्लॅस्टिकच्या आत शिरतो.

तिसरा प्रकार या सर्वांचा आजोबा आहे. जुनी माणसे ‘काचकड्याची बाहुली’ म्हणत, ते काचकडे म्हणजे सेल्युलॉइड. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी ते बाजारात आणले. हस्तिदंताऐवजी बिलियर्डचे चेंडू करता यावेत म्हणून त्यांची खटपट चालली होती. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्यात कापूर मिसळीत. म्हणून जुन्या काचकड्याला कधी कधी कापराचा वास येतो. टेबल टेनिसचे चेंडूही याचेच असत. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत दुसऱ्या प्लॅस्टिकचे चेंडू आले.

कोल्हापूरकरांना काचकडे परके नाही. चित्रपटाची जुनी फीत याच जातीच्या पदार्थाची होती. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट आणि १९२९ साली येथे स्थापन झालेल्या व १९३३ साली पुण्यास गेलेल्या ‘प्रभात’चे चित्रपट अशाच फितीवर निघाले. कापूर उडून गेला की काचकडे आक्रसते, त्याला तडे जातात. त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात, आणि ते कोंडले गेले तर उरलेल्या भागाला अधिक वेगाने खातात. शिवाय ते भडकन पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागून अशा नायट्रेट फितीची पुष्कळ रिळे जळाली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांचीही होती. म्हणजे बाहुलीचे म्हातारपण आणि आपल्या चित्रपटांचे म्हातारपण हे एकाच घराण्यातले आहे.

खेळण्यात केवळ प्लॅस्टिक नसते, रबरही असते. जी. आय. जोचे वरचे धड आणि पाय आतल्या एका लहान रबरी कड्याने जोडलेले असतात. नोटांच्या किंवा व्हाउचरच्या गठ्ठ्याला लावलेले रबर काही वर्षांनी चिकट होते, मग कडक होऊन हात लावताच तुकडे पडतात, हे आम्ही बँकेत नेहमी पाहतो. सैनिकाच्या कमरेतही तेच होते. सुदैवाने हे कडे बदलता येते. तसेच, लग्नाला म्हणून जपून ठेवलेल्या बुटाचा तळवा ऐन वेळी भुसाभुसा होऊन गळतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील दमटपणाने त्याचे रेणू तुटतात. न वापरता ठेवला म्हणून तो टिकत नाही. काही खेळण्यांच्या आतला फोमही असाच विरतो.

आता आपल्या घराकडे या. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. जुने सामान आपण कोठे ठेवतो? पत्र्याखालच्या माळ्यावर. एप्रिल-मे महिन्यांत तेथे हात ठेववत नाही, आणि जूनपासून चार महिने तेथेच ओल येते. म्हणजे नको असलेल्या दोन्ही गोष्टी एका जागी मिळतात. ज्यांच्या घरात २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी शिरले, त्यांनी तर सामान उंच ठेवण्याची सवयच लावून घेतली आहे, आणि ते योग्यही आहे. पण उंच ठेवताना पत्र्याला लागून न ठेवता, राहत्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात वरच्या खणात ठेवावे.

पिवळे झालेले पुन्हा पांढरे करता येते का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. २००८ च्या सुमारास परदेशातील जुन्या संगणकांच्या छांदिष्टांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून वस्तू उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवावयाची. तिने पिवळेपणा जातो हे खरे. परंतु गेलेले रबर परत येत नाही, ठिसूळपणा तसाच राहतो, कित्येकदा काही काळाने पिवळेपणाही परततो. नीट न लावल्यास पांढरे-पिवळे पट्टे उमटतात आणि छापलेला रंग उडतो. तीव्र पेरॉक्साइडने कातडी भाजते, डोळ्याला तर मोठा धोका असतो. मुलांनी हा प्रयोग करू नये. आणि कोणी केलाच, तर ते खेळणे विकताना तसे सांगावे. खाडाखोड केलेला चेक बँक घेत नाही. पांढरा केलेला सैनिक ‘मूळचाच असा आहे’ म्हणून खपविणे ही त्याच जातीची गोष्ट आहे. माझ्या मते पिवळा पडलेला सैनिक पिवळाच ठेवावा. त्याचे वय लपविण्याचे कारण नाही.

जपण्याचे उपाय साधे आहेत, त्यांना पैसा लागत नाही. खिडकीतले ऊन टाळावे. टीव्हीवर, फ्रीजच्या मागे, चुलीच्या भिंतीला लागून खेळणी ठेवू नयेत. धुळीला मऊ ओले फडके पुरते. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य मुळीच लावू नये. वेगवेगळ्या जातीची प्लॅस्टिके एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत. मऊ चाक कडक गाडीला टेकून राहिले, तर चाकातले द्रव्य गाडीचे अंग विरघळवून खळगा पाडते. मऊ पी.व्ही.सी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. कागद त्यातले द्रव्य ओढून घेतो आणि शाई अंगाला लागते. काचकडे मात्र बंद डब्यात कोंडू नये. ते हवेशीर, विस्तवापासून दूर आणि इतरांपासून वेगळे ठेवावे. रबराची कडी काढून ठेवावीत.

विद्यार्थ्यांना जाती ओळखण्याचा एक निरुपद्रवी प्रयोग सांगतो. तुटलेल्या खेळण्याचा भरीव तुकडा पाण्यात बुडवून, त्यावरचे बुडबुडे झटकून सोडा. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. ए.बी.एस. आणि पी.व्ही.सी. सामान्यतः बुडतात. जाळून पाहण्याची पद्धत मात्र कधीही वापरू नका. पी.व्ही.सी.चा धूर आम्लाचा असतो, आणि काचकडे हातातच भडकते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुनी खेळणी देणे हे चांगले काम आहे. पण आपण नेमकी कोणती देतो? बहुधा आपल्या मुलांना नकोशी झालेली, म्हणजे पुष्कळदा चिकट, पिवळी, तडे गेलेली. ज्या मुलाला ती मिळतात ते दोन-तीन वर्षांचे असते, आणि हाती येईल ते तोंडात घालते. मऊ खेळण्यांतील काही थॅलेट शरीरातील अंतःस्रावांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपात १९९९ साली लहान मुलांनी तोंडात घालावयाच्या खेळण्यांत त्यांतील सहा थॅलेटवर तात्पुरती बंदी आली आणि ती पुढे कायम झाली. अमेरिकेत २००८ साली कायदा झाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने आपल्या बाजारातील खेळण्यांत थॅलेट आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध केले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. त्याआधीची खेळणी या कसोटीतून गेलेलीच असतील असे नाही. जुन्या रंगांत शिसे किंवा कॅडमियमही असू शकते.

म्हणून माझी सूचना आहे, की गोळा झालेले प्रत्येक खेळणे देण्यापूर्वी एका कार्यकर्त्याने तपासावे. चिकट लागते का? लागल्यास बाजूला. हलके वाकविल्यावर चिरते किंवा कडा टोचते का? बाजूला. पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग लागतो का? बाजूला. कापराचा वास येतो का? बाजूला. लहान सुटे भाग निघतात का? ते लहान मुलांना नको. उरतील ती साबणाने धुऊन, सुकवून द्यावीत. दहांतून चारच उरली तरी चालतील. आपल्या घरच्या मुलाच्या तोंडात आपण जे जाऊ देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातात देण्याला दान म्हणता येत नाही. गरिबाच्या मुलालाही निवडलेले, चांगले खेळणे मिळण्याचा हक्क आहे.

शेवटी दाखल्यांविषयी. प्लॅस्टिकच्या फाइलला झेरॉक्स चिकटून बसते आणि ओढल्यावर अक्षरे प्लॅस्टिकवर राहतात, हे सर्वांनी पाहिले आहे. बाहुली ज्याने चिकट होते तेच द्रव्य हे करते. झेरॉक्सची शाई स्वतःच एक प्लॅस्टिक असल्याने ती त्यात मऊ होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आजोबांच्या नावाचा जुना उतारा यांवर आपल्या मुलांचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असते. त्यांतील काही कागद पुन्हा मिळविणे फार कठीण. असे कागद मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. लॅमिनेशनही करू नका, कारण एकदा चिकटविलेले पान पुन्हा मोकळे करता येत नाही. मूळ कागद स्वच्छ कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवा, आणि त्याची प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा.

घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी एकदा खाली काढा. खेळणी एका बाजूला आणि कागद दुसऱ्या बाजूला करा. जे जपावयाचे ते जपा, जे द्यावयाचे ते तपासून द्या. या कामात विद्यार्थ्यांनी घरच्या मोठ्यांना मदत करावी, अशी विनंती करतो.

जयभीम.